बघितलेला हात पुढं द्यायचा

फळ्याकडे तोंड करून बोलू नये. आधी लिहावं, खडू खाली ठेवावा, मुलांकडे वळावं आणि मगच तोंड उघडावं. खिडकीला पाठ करून उभं राहू नये, कारण मग आपला चेहरा काळोखात जातो. ‘कळलं का?’ असं वर्गाला कधी विचारू नये. अख्खा वर्ग हो म्हणतो आणि ज्याला काडीचंही कळलेलं नसतं तो सगळ्यांत मोठ्याने म्हणतो. नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक अजून माझ्याकडे येतात. वर्गात नाना तऱ्हेची मुलं असतात, त्यांना एकत्र कसं शिकवायचं म्हणून विचारतात. त्यांना मी एवढं सांगते, चहा पाजते आणि वाटेला लावते. हे सगळं मी कुणाकडून शिकले ते मात्र कुणी विचारत नाही. विचारलं असतं तरी तोंडाने सांगणं मला जमलं नसतं, म्हणून लिहून ठेवते आहे.

एकोणीसशे साठ उलटून काही वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांची, कऱ्हाडकडची, वडील नसलेली आणि स्वभावाने तापट. घरी आई आणि शाळेत जाणारा धाकटा भाऊ. नोकरी लागली ती थेट समुद्राच्या टोकाला. बोईसरला उतरून नवापूरच्या रस्त्याने एस.टी.ने जायचं आणि शेवटचा तुकडा वाळूतून चालायचं. त्या वस्तीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझं काही वाईट केलेलं नाही, केलं ते मीच.

शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत पहिली-दुसरी घेऊन मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, बसत. ते केळव्याचे, घरची माडा-सुपारीची वाडी, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, फार सावध माणूस. दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी घेऊन मी. मुलं तीस-बत्तीस. बहुतेक सगळी होडीवाल्यांची. काही आतल्या शेतकरी पाड्यांवरून चालत येणारी, त्यांची बोली आणखी निराळी. तारापूरकडे वीजघराचं बांधकाम सुरू झालं तशी बाहेरगावची दोन-चार कुटुंबं वस्तीत खोल्या घेऊन राहिली होती. त्यांतली क्रेन चालवणाऱ्याची एक मुलगी नुसतं हिंदी बोलायची. माझं घाटावरचं पुस्तकी मराठी ह्यांतल्या कुणाच्याच घरचं नव्हतं. पहिले दोन महिने मी ‘हाय नाही, आहे म्हणा, नाय नाही, नाही म्हणा’ असं ओरडत काढले. पालथ्या घड्यावर पाणी. मुलं गप्प बसायला लागली, आणि गप्प वर्ग म्हणजे चांगला वर्ग अशी माझी समजूत होती.

शिवाय पंधरवड्यातले काही दिवस अर्धा वर्ग रिकामाच असे. मी चिडून घरोघर जायची, आळशी म्हणून आयांना बोलायची. मग एकदा एका म्हातारीने मला धरून बसवलं आणि सांगितलं, की अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा जाळी भरतात आणि बोंबील वाळत घालायला घरातली चिल्लीपिल्ली लागतात. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मंद, होड्या काठाला, पोरं मोकळी. “तुमी पोरांना नको, पंचांग बघा, बाय,” ती म्हणाली. मला राग आला, पण घरी येऊन मी पंचांग बघितलं. तेव्हापासून नवा धडा, नवं गणित भांगात. उधाणात नुसती उजळणी. कागदावर वेळापत्रक वाराचं राहिलं, वर्ग चालायचा तिथीवर. ही माझी पहिली शहाणपणाची गोष्ट, आणि तीही उसनी.

आता त्या मुलीकडे येते. चौथीत होती, दहा-अकरा वर्षांची. रंगाने काळी, केस खारट वाऱ्याने लालसर झालेले, बसायची शेवटच्या ओळीत. मोठ्या गुरुजींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “ती मंद आहे, तिच्यामागे लागू नका.” हाक मारली तर बघायची नाही. बोलली तर शब्द तोंडात घोळल्यासारखे यायचे. पण पाटीवर लिहिलेलं गणित ती सगळ्यांच्या आधी सोडवायची. मी तिच्यावर कॉपीचा आळ घेतला, जागा बदलली, एकटीला बसवलं. तरी उत्तर बरोबरच. मग एके सकाळी खिडकीची फळी निखळली म्हणून मी समोरच्या भिंतीशी उभी राहून शिकवलं, आणि मी तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तिने उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या नेहमीच्या जागी, खिडकीला पाठ करून. ती पुन्हा मुकी. दोन दिवस मी अशी इकडून तिकडे जागा बदलत राहिले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला ऐकू येत नव्हतं. ती माझे ओठ बघत होती, आणि सहा महिने मी माझं तोंड अंधारात ठेवून तिला मंद ठरवत होते.

त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली. शाळा सुटल्यावर तशीच तिच्या घरी गेले. तिचा बाप होडीचा तांडेल, म्हणजे होडी ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. अंगणात जाळं सांधत बसला होता. मी म्हटलं, “तांडेल, मुलीला ऐकू येत नाही हे तुम्ही शाळेत सांगितलं का नाही?”

तो म्हणाला, “तुमी इचारलं नाय. घरात आमचं काय अडत नाय, बाय.”

आणि खरंच अडत नव्हतं. मी बघत राहिले. तो तिच्याशी हातांनी बोलत होता. दर्यावर वाऱ्यात हाक पोचत नाही, एका होडीवरून दुसरीला सांगायचं ते हातानेच, त्याला ते ‘हात देणं’ म्हणत. एक हात सरळ वर म्हणजे मासळी आहे. दोन हात डोक्यावर एकमेकांवरून म्हणजे परत फिरा. उघडा पंजा पाच, मिटलेली मूठ दहा, खांद्यावर थाप म्हणजे एक कोडी, वीस. आपलं जाळं दुसऱ्याच्या जाळ्यात गुंतलं तर छातीवर पंजा मारायचा, म्हणजे माझ्याकडून झालं. “आनि मग?” मी विचारलं, त्याच्याच बोलीत. तो हसला. “मग काय. ज्यानं छातीवर मारला त्यानं सोताचं जालं कापायचं. दुसऱ्याचं मोकलं करायचं. नुसता हात मारून चालत नाय.”

सगळ्यांत महत्त्वाचा नियम त्याने शेवटी सांगितला. बघितलेला हात पुढं द्यायचा. म्हणजे पुढच्या होडीने जी खूण केली ती आपण तशीच्या तशी करायची. त्याने देणाऱ्याला कळतं की दिसली, आणि मागच्या होडीला ती पोचते. “हात बघून पुढं न देनाऱ्या होडीला आमी वालीत टाकतो,” तो म्हणाला. हे तो मुलीला सांगत होता तितक्याच शांतपणे मला सांगत होता.

सोमवारी मी वर्गात उजेडाकडे तोंड करून उभी राहिले आणि शब्दाबरोबर हात दिला. मुलं चकित झाली, मग हसली, आणि मग सगळ्यांनी तो पुढं दिला. त्यांना शिकवावं लागलं नाही, घरोघर हेच चालायचं. मला मात्र एक फार मोठी सोय सापडली. सात आठे म्हणून मी खूण केली की ती सगळा वर्ग पुन्हा करायचा, आणि कुणाची बोटं चुकली ते मला एका नजरेत दिसायचं. गुणाकाराला आम्ही मनगटावर मनगट ठेवायचं ठरवलं, भागाकाराला तळहातावर कापायची खूण. हिंदी बोलणारी ती मुलगी चार महिन्यांत पहिल्यांदा हसली, कारण हातांना हिंदी-मराठी नव्हतं. आतल्या पाड्यांवरची मुलं, जी मासेवाल्यांच्या पोरांशी बोलत नसत, ती त्यांच्याकडून खुणा शिकू लागली. चुकणाऱ्याला शेजाऱ्याने शिकवायचं, आणि हाय-नायवरून कुणाला हटकायचं नाही. लिहिताना तेवढं आहे-नाही लिहायचं. वर्ग गप्प राहिला नाही. मला अजून आठवतं, त्या दिवसांत शाळेची वाट चालताना माझे पाय भराभर उचलले जायचे.

त्या मुलीला मी पहिल्या ओळीत, खिडकीच्या अंगाला आणलं. ती वाचू लागली ती अशी, की मला पुस्तकं आणून पुरवता येईनात. मी पालघरला तालुक्याच्या कामाला गेले की जुनी मासिकं मागून आणायची. एकदा तिने पाटीवर लिहिलं, ‘पाचवीला कुठे जायचं?’ मी लिहिलं, ‘मोठ्या शाळेत.’ तिने ते पुसलं नाही. पाटी तशीच घरी नेली.

तिच्या घरी आजीचा विरोध होता. बहिरीला शाळा कशाला, दोन वर्षांनी लग्नाला येईल, मासळीला हात लागतील. बाप मधल्यामध्ये. शेवटी तो मला म्हणाला, “चौथी पास झाली तर पुढं घालतो, माजा शब्द. नापास झाली तर मासलीवर. मग तुमी घराकडं येयाचं नाय.” मी म्हटलं, कबूल. मला जरासुद्धा शंका नव्हती. तिच्याइतकी तयारी अख्ख्या चौथीत कुणाची नव्हती.

एक गोष्ट मात्र मी करून ठेवली होती. मुलांच्या नोंदवहीत शारीरिक व्यंगाचा एक रकाना असे. मी तो भरायला घेतला तेव्हा मोठे गुरुजी म्हणाले, “बाई, कागदावर व्यंग आलं की मूल गेलं म्हणून समजा. वरून लिहून येईल की हिला मुंबईच्या बहिऱ्यांच्या शाळेत पाठवा. बाप पाठवणार नाही, आणि आपल्या पटावरून नाव कमी होईल.” ते खोटं बोलत नव्हते. मी त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात ‘नाही’ असं लिहिलं. तिच्या भल्यासाठी लिहिलं, असं मी मनाला समजावलं, आणि त्या वेळी ते खरंही होतं.

परीक्षा घ्यायला तालुक्याहून साहेब यायचे. गावात त्यांना अजून जुन्या सवयीने दिपोटी म्हणत. चौथीची तोंडी ते स्वतः घेत आणि जाताना शाळेच्या शेरेबुकात शेरा लिहीत. माझी नोकरी अजून तात्पुरती होती. कायम व्हायची तर साहेबांच्या शेऱ्यावर. आईची पत्रं यायची त्यांत बाकी काही असो नसो, ‘तुझं कायमचं काय झालं’ हे असायचंच. मी मोठ्या गुरुजींकरवी विनंती करून परीक्षेला अष्टमीचा दिवस मागून घेतला. भांगाचा दिवस, म्हणजे सगळी मुलं हजर, सगळ्या होड्या काठाला. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

साहेबांची खुर्ची मी आदल्या दिवशीच मांडून ठेवली. खिडकीच्या समोरच्या भिंतीशी, त्यांच्या तोंडावर नीट उजेड पडेल अशी. मुलीला मी हातांनी सांगितलं, घाबरू नको, त्यांच्या तोंडाकडे बघ. साहेब आले, तोंडात पान, मिशा जाड, उकाड्याने हैराण. आल्या आल्या त्यांनी खुर्ची उचलली आणि खिडकीशी नेऊन ठेवली, खिडकीला पाठ करून. “इथं जरा वारा आहे,” म्हणाले.

मी म्हणू शकले असते, साहेब, तिथे नको. एवढे तीन शब्द. मी म्हटले नाहीत. साहेबांना खुर्ची कुठे ठेवा हे सांगणारी बाई उद्धट ठरली असती.

एकेक मूल उठत होतं, उत्तरं देत होतं, बसत होतं. सगळं छान चाललं होतं. साहेबांच्या एका हाताला फळा आणि फळ्याशी मी, दुसऱ्या हाताला जमिनीवर बसलेली मुलं. तिचं नाव आलं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. साहेबांचा चेहरा काळा, तोंडात पान, वर मिशा, आणि प्रश्नांचा कागद तोंडासमोर धरलेला. त्यांनी विचारलं. ती बघत राहिली. पुन्हा विचारलं, “सात आठे किती?” ती बघत राहिली. तिच्या मानेवर घाम दिसत होता. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहायला पेन काढलं, आणि तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी हात दिला. उत्तर नाही, प्रश्न दिला. पंजा आणि दोन बोटं, मनगटावर मनगट, पंजा आणि तीन बोटं. सात गुणिले आठ. आणि वर्गातल्या एकूण एक मुलाने, जसं त्यांना आईबापांनी शिकवलं होतं आणि मी पक्कं केलं होतं, तो हात पुढं दिला.

“छप्पन,” ती म्हणाली. घोळलेला पण स्वच्छ कळणारा शब्द. साहेबांनी मान वर केली ती मुलांच्या बाजूला. साठ हात हवेत होते. माझा हात तोवर खाली आला होता.

“हे काय चाललंय?” साहेब म्हणाले. “अख्खा वर्ग उत्तर सांगतोय हिला?”

मुलांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना भीती वाटलेली नव्हती, मी सांगेन म्हणून ती वाट बघत होती. मला फक्त म्हणायचं होतं, साहेब, हात मी दिला, तो प्रश्न होता, हिला ऐकू येत नाही, तुम्ही पाटीवर लिहून काय वाटेल ते विचारा. पाटी तिच्या पायाशीच पडली होती. पण ऐकू येत नाही म्हटलं की नोंदवही उघडली गेली असती. तिथे माझ्या अक्षरातलं ‘नाही’ होतं. खोटी नोंद करणारी तात्पुरती बाई. मला आईचं पत्र आठवलं. दारात मोठे गुरुजी उभे होते, त्यांनी जमिनीकडे बघितलं.

मी म्हटलं, “मुलं वात्रट आहेत, साहेब.”

हे वाक्य मी आयुष्यात कितीतरी वेळा पुन्हा उच्चारून बघितलं आहे. दरवेळी ते तेवढंच सोपं जातं.

साहेब तसे दुष्ट नव्हते. उकाड्याने कावलेला, दिवसाला दोन शाळा उरकणारा माणूस. ते म्हणाले, “मग शिस्त लावा, बाई. माझ्यासमोर लावा.” आणि टेबलावरची लाकडी पट्टी त्यांनीच माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली. सगळ्यांना उभं केलं. ज्या हाताने खूण केली तो हात पुढे करा, म्हटलं. कुणी लपवला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी शाळेत शिकवायची, त्या दिवशी केलंही. एकेका तळहातावर एकेक पट्टी. क्रेनवाल्याच्या मुलीच्या हाताला मेंदी होती. पाड्यावरचा एक जण मार बसल्यावर सवयीने शेजाऱ्याकडे बघून मूठ मिटून दाखवत होता, म्हणजे दहा, म्हणजे फार लागलं. मी त्याला आणखी एक मारली, कारण साहेब बघत होते.

ती सर्वांत शेवटी. तिने कुणालाच खूण केली नव्हती, नुसतं उत्तर दिलं होतं, तरी ती ओळीत येऊन उभी राहिली. हात पुढे केला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिली. का, ते मी सांगीन अशी तिची खात्री होती. उजेड माझ्या तोंडावर होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि पट्टी मारली.

तोंडी गणितात तिला शून्य मिळालं आणि चौथीत ती नापास झाली. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, की वर्गात उत्तरे सुचवण्याची वाईट खोड आढळली, परंतु बाईंचा वर्गावर वचक आहे, कायम करण्यास हरकत नाही. मोठ्या गुरुजींनी तो शेरा मला वाचून दाखवला आणि पेढे कधी म्हणून विचारलं. मी दिले. तालुक्याला गेले तेव्हा आणले आणि दिले.

परीक्षेच्याच संध्याकाळी मी तांडेलाकडे गेले होते. घराकडं यायचं नाही हे ठरलेलं असूनही गेले. मुलगी दिसली नाही. तो ओट्यावर बसला होता. त्याला सगळं कळलेलं होतं, वस्तीत तीस पोरांचे तीस हात सुजलेले होते.

“पोरांना हात द्यायला वर्गात कोनी शिकवलं?” त्याने विचारलं.

“मी.”

“आज पयला हात कोनी दिला?”

“मी.”

“आनि त्या सायबाला काय सांगितलं?”

मी पायांची वाळू झटकू लागले. तो म्हणाला, “पोरांनी त्यांचं केलं, बाय. बघितला, पुढं दिला. मार खाल्ला तरी एकानं तुमचं नाव घेतलं नाय.” एवढंच. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, मी पुन्हा परीक्षा घ्यायला सांगते, मी वर अर्ज करते. त्याने विचारलं, “काय लिवनार?” मी काय लिहिणार हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. मी तो अर्ज कधी केला नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडली. मी वर्गात उजेडाकडे तोंड करून उभी राहिले, फळ्यावर लिहिलं, वळले आणि हात दिला. एकही हात वर झाला नाही. मुलं हाताची घडी घालून, पाठ ताठ करून बसली होती. मी पुन्हा दिला. काही नाही. त्या वर्षी तपासणीला आलेल्यांनी माझ्या वर्गाची शिस्त तालुक्यात पहिली म्हणून वाखाणली.

पावसाळा सरला, बोंबलांचे दिवस आले, आणि माझा कायमचा हुकूम आला. तो घेऊन मी पालघरहून परतत होते. वस्तीच्या वाटेवर बोंबील वाळत घालायच्या दोऱ्या बांबूंना बांधलेल्या असत. तिथे ती मला दिसली. मासळीची पाटी कडेवर, दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकत होती. एकटीच होती. मागून हाक मारलेली तिला कळली नसती, म्हणून मी फिरून तिच्या समोर गेले. सूर्य माझ्या पुढे होता, माझ्या चेहऱ्यावर उजेड होता. एवढं मी तिच्याकडून शिकले होते.

तिने मला बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला माझं सगळं पुस्तकी मराठी सोडून गेलं. मी उजवा पंजा उघडला आणि छातीवर मारला. माझ्याकडून झालं.

तिचा हात बोंबलांवर थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे. ती वाट बघत होती. छातीवर हात मारणारा माणूस पुढे काय करतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. अजून वेळ गेलेली नव्हती. पिशवीतला हुकूम घेऊन मी तसंच बोईसरला वळू शकत होते, तालुक्याला जाऊन साहेबांच्या टेबलावर तो ठेवू शकत होते आणि सांगू शकत होते. ती मला पुष्कळ वेळ देत होती. मी पिशवी नुसती दुसऱ्या हातात घेतली.

तेव्हा तिने डोळे मिटले. मान वळवली नाही, पाठ फिरवली नाही. नुसते डोळे मिटून, पाटी कडेवर घेऊन, मी जाईपर्यंत तशीच उभी राहिली.